एकच गाडी, दोनदा: वर्गात रोबोटिक्समधून एआय शिकवण्याची कृती

अडथळा दिसला की वळणारी गाडी मुलांकडून करून घेतली आणि फळ्यावर ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ असं शीर्षक लिहिलं, की मुलं चुकीची समजूत घेऊन घरी जातात. ‘समोर वीस सेंटीमीटरच्या आत काही आलं तर वळ’ हा नियम माणसानं ठरवलेला असतो. गाडी तो फक्त पाळते. एआय शिकवायचं तर मुलांच्या हातून अशी गाडी व्हायला हवी जिला नियम कुणीच सांगितलेला नाही. तिला फक्त उदाहरणं दाखवली आणि त्यांवरून ती वागायला लागली.

म्हणून इथे सुचवलेली पद्धत सोपी आहे: रेषेवरून चालणारी एकच गाडी दोनदा चालवायची. पहिल्यांदा नियम लिहून, दुसऱ्यांदा मुलांनी दिलेल्या नमुन्यांवरून शिकवून. सामान तेच, तारा त्याच, फक्त प्रोग्राम वेगळा. हा फरक हाताखाली आला की पुढे चेहरा ओळखणारा फोन काय आणि भाषांतर करणारं ॲप काय, मुलं योग्य प्रश्न विचारू लागतात: याला कुणी, काय दाखवून शिकवलं?

इयत्ता सातवी ते नववी यासाठी उत्तम. पूर्णांकांची वजाबाकी आणि आलेखावर बिंदू मांडणं एवढं गणित पुरे. जोड-तासिका असतील तर आठ लागतात. सुट्या तासिकांत हे करू नका, सामान काढण्या-ठेवण्यातच अर्धा वेळ जातो. सीबीएसईच्या शाळांत २०१९-२० पासून नववीला एआय हा स्वतंत्र विषय आहे (विषय क्रमांक ४१७). त्यातल्या प्रात्यक्षिकाला हा प्रकल्प चपखल बसतो. शाळेत अटल टिंकरिंग लॅब (केंद्र सरकारच्या योजनेतली प्रयोगशाळा) असेल तर खालच्या यादीतलं बरंचसं सामान आधीच कपाटात पडलेलं असेल. आधी तिथे बघा, मगच खरेदीला निघा.

## १. सामान जमवा

तीस मुलांच्या वर्गाला सहा गट आणि सहा गाड्या. पाचापेक्षा मोठा गट केलात तर दोन मुलं काम करतात आणि बाकीची बघत बसतात.

एका गाडीला लागणारं सामान:

- आर्डुइनो ऊनो, म्हणजे प्रोग्राम चढवता येणारा छोटा बोर्ड, गाडीचा मेंदू (क्लोन चालेल): १
- एल२९८एन मोटर ड्रायव्हर (ऊनोच्या हुकमानुसार मोटरला वीज देणारा): १
- पिवळ्या गिअरच्या बीओ मोटर आणि त्यांची चाकं: प्रत्येकी २
- चासी आणि पुढचं गोळीचं चाक: १ संच
- टीसीआरटी५००० आयआर सेन्सर (इन्फ्रारेड सोडून परत येणारा प्रकाश मोजणारा), चार पिनांचा: ३
- पुश बटणं: ४
- छोटा ब्रेडबोर्ड (४०० छिद्रांचा): १
- जम्पर वायर: मेल-फीमेल २०, मेल-मेल २०
- रिचार्जेबल एए सेल (निकेल मेटल हायड्राइड): ६, आणि सहा सेलचा होल्डर
- ऑन-ऑफ स्विच: १
- १०४ आकड्याचे सिरॅमिक कपॅसिटर: २

वर्गासाठी सामाईक: दोन मल्टिमीटर, एक सोल्डरिंग गन, सेलचा चार्जर, किमान तीन लॅपटॉप, ऊनोच्या यूएसबी केबल, काळ्या इन्सुलेशन टेपचे दोन रोल, डबल टेप, केबल टाय.

मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली इथे हे सगळं सुटं मिळतं. दोन सेन्सर, एक मोटर आणि एक ड्रायव्हर जास्तीचे घ्याच. पहिल्या दिवशी काही ना काही जळतं किंवा तुटतं, आणि एका भागासाठी सहावा गट आठवडाभर बसून राहतो.

शाळेच्या कागदांची बाजू थोडक्यात: मुख्याध्यापकांची लेखी परवानगी, दुकानांची दरपत्रकं, पक्की बिलं, आणि डेडस्टॉक रजिस्टरला नोंद. सेल आणि वायर उपभोग्य वस्तूंत लिहा, नाहीतर वर्षअखेरीला प्रत्येक वायरचा हिशेब द्यावा लागेल. मुलांचे फोटो किंवा व्हिडिओ काढणार असाल तर पालकांचं संमतिपत्र आधीच भरून घ्या.

## २. खरेदीत फसू नका

सगळ्यात मोठा घोटाळा आयआर सेन्सरचा. बाजारात स्वस्तात मिळतो तो तीन पिनांचा. तो फक्त ‘काळं’ किंवा ‘पांढरं’ एवढंच सांगतो, ० किंवा १. आपल्याला ‘किती काळं’ हे हवं. म्हणून चार पिनांचा घ्या, ज्यावर डीओ आणि एओ अशा दोन खुणा असतात. एओ म्हणजे ॲनालॉग. आपली वायर तिथेच जाणार. सेन्सरवरचा निळा स्क्रू फिरवून एओचं वाचन बदलत नाही, तो फक्त डीओसाठी असतो. मुलं तासभर तो पिळत बसतात; त्यांना आधीच सांगा.

दुसरी फसगत चौकोनी नऊ व्होल्टच्या बॅटरीची. आकडा मोठा दिसतो, पण मोटरला लागणारा प्रवाह तिच्यातून निघत नाही. गाडी दोन फूट जाते, थांबते, ऊनो पुन्हा सुरू होतो, परत दोन फूट. हे दिसलं की मुलं प्रोग्राममध्ये चूक शोधायला लागतात, आणि ती तिथे नसते. पॉवर बँकही टाळा: एकटा ऊनो इतका कमी प्रवाह घेतो की ‘काही जोडलेलंच नाही’ असं समजून बऱ्याच पॉवर बँका आपोआप बंद पडतात. लॅपटॉपमधले सुटे लिथियम सेल शाळेत आणू नका, शॉर्ट झाले तर पेट घेतात. सहा रिचार्जेबल एए म्हणजे ७.२ व्होल्ट. एल२९८एन स्वतःच साधारण दोन व्होल्ट खातो, उरलेले पाच मोटरला पुरतात.

‘एआय रोबोट’ असं छापलेली तयार किट घेण्याआधी विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: यात मुलं स्वतःचे नमुने भरू शकतात का? शकत नसतील तर ती नुसती रिमोटची गाडी आहे.

## ३. रेषेचा पट तयार करा

जुना फ्लेक्स उलटा करून जमिनीवर पसरा. मागची बाजू पांढरी, बिनचमकीची आणि खरखरीत असेल तर फारच छान. चकचकीत बाजू वापरू नका, तिच्यावरून प्रकाश आरशासारखा परततो आणि टेपही तशीच चमकत असेल तर काळं-पांढरं वाचनात जवळजवळ सारखं येतं. साधारण ६ फूट बाय ४ फूट तुकड्यावर इन्सुलेशन टेपनं बंद वळसा काढा. टेपची रुंदी १८-१९ मिलिमीटर असते, आपल्याला तेवढीच हवी. वळणं हातभर त्रिज्येची, ऐसपैस. काटकोन आणि चौक पहिल्या आठवड्यात नकोत.

पट खिडकीजवळ पसरू नका. सूर्यप्रकाशात इन्फ्रारेड भरपूर असतं, आणि सकाळच्या तासिकेला नीट चालणारी गाडी दुपारी ऊन आत आलं की बावचळते. (हीच गोष्ट नवव्या पायरीत मुद्दाम करायची आहे. तोवर पडदे ओढून ठेवा.)

## ४. जोडणी

सेन्सर चासीच्या पुढच्या टोकाला, खाली तोंड करून, एका ओळीत लावा. मधला रेषेच्या बरोबर वर आणि बाजूचे दोन रेषेच्या जरा बाहेर: मध्यापासून मध्यापर्यंत २० मिलिमीटर. जमिनीपासूनची उंची फार महत्त्वाची आहे. टीसीआरटी५००० सर्वांत चांगलं वाचतो ते अडीच मिलिमीटरवर, आणि तीन-चारपर्यंत ठीक चालतो. दहा रुपयांची दोन नाणी एकावर एक ठेवून सेन्सरखाली सरकवा. जेमतेम सरकली की उंची बरोबर. बोटभर उंच लावलेला सेन्सर जमिनीऐवजी खोलीचा उजेड वाचत राहतो.

तारा अशा:

- सेन्सरचे एओ: डावा ए०, मधला ए१, उजवा ए२. तिघांनाही ऊनोचे ५ व्होल्ट आणि ग्राउंड.
- ड्रायव्हरचे ईएनए आणि ईएनबी: ऊनोच्या ५ आणि ६ वर. या दोन पिनांवर आधीपासून बसवलेल्या टोप्या काढायला विसरू नका. त्या राहिल्या तर वेग कमी-जास्त होणार नाही, गाडी कायम सुसाट धावेल.
- आयएन१ ते आयएन४: ७, ८, ९, १०.
- बटणं: २ (डावीकडे), ३ (सरळ), ४ (उजवीकडे), ११ (अवस्था बदल). दुसरं टोक ग्राउंडला. प्रोग्राममध्ये ‘इनपुट पुलअप’ लावा, म्हणजे वेगळे रेझिस्टर लागत नाहीत. दाबलं की वाचन शून्य येतं.
- बॅटरीचा अधिक स्विचमधून ड्रायव्हरच्या १२ व्होल्ट खुणेला, आणि तिथूनच एक वायर ऊनोच्या व्हीआयएनला. उणे दोन्हीकडे.

पिन ० आणि १ मोकळ्या ठेवा, त्यांवरून प्रोग्राम चढतो.

इथे तीन चुका नेहमी होतात. पहिली, ड्रायव्हरचं ग्राउंड आणि ऊनोचं ग्राउंड जोडलेलं नसतं. मग मोटर कधी फिरते, कधी नाही. दुसरी बटणांची: चार पायांच्या बटणात एका बाजूचे दोन पाय आतून जोडलेलेच असतात, त्या दोहोंना वायर लावल्या तर बटण कायम दाबलेलं वाटतं. तिरपे समोरासमोरचे पाय घ्या, चूक होणारच नाही. तिसरी चूक मोटरच्या गोंगाटाची: प्रत्येक मोटरच्या दोन टोकांवर १०४ चा कपॅसिटर सोल्डर केला नाही तर सेन्सरची वाचनं उगाच उड्या मारतात.

लॅपटॉपला ऊनो दिसत नसेल तर बहुधा क्लोनवरच्या सीएच३४० चिपचा ड्रायव्हर टाकायचा राहिला असेल. सीरियल मॉनिटरवर (ऊनोनं पाठवलेला मजकूर दाखवणाऱ्या लॅपटॉपवरच्या चौकटीत) चित्रविचित्र अक्षरं आली तर तिथला वेग आणि प्रोग्राममधला वेग जुळत नाही. दोन्हीकडे ९६०० ठेवा.

मोटर चालवण्याआधी एक संपूर्ण तासिका फक्त वाचनं बघण्यासाठी द्या. गाडी हातानं रेषेवरून इकडून तिकडे सरकवायची आणि तीन आकडे वहीत लिहायचे. ऊनो ० ते १०२३ मध्ये वाचतो; प्रोग्राममध्ये ४ ने भागून ० ते २५५ करा, पुढे आकडे ऊनोच्या स्मृतीत साठवताना त्याचा उपयोग आहे. बहुतेक मॉड्यूलवर पांढऱ्याला लहान आकडा येतो, काळ्याला मोठा. समजा पांढरं ३० आणि काळं २०० आलं, तर गाडी सेन्सरच्या वाटेनं जग कसं बघते ते मुलांना कळलं. तिला ‘रेष’ दिसत नाही. तिला तीन आकडे दिसतात.

## ५. पहिली गाडी: नियम लिहून

३० आणि २०० यांच्या मध्यावर ११५. त्याच्या वर काळं, खाली पांढरं. डावा काळा तर डावं चाक थांबवा आणि उजवं चालवा, उजवा काळा तर उलट, मधला काळा तर दोन्ही चालवा. वेग २५५ पैकी ११० च्या आसपास ठेवा. प्रत्येक बीओ मोटर कमीत कमी किती वेगाला हलते ते वेगवेगळं असतं. नुसती गुणगुणत असेल तर आकडा दहा-दहानं वाढवा.

ही गाडी एक-दोन तासिकांत चालते. तिला नीट चालू द्या आणि नोंदवा: दहा फेऱ्यांत किती वेळा रेष सुटली. हा कागद जपून ठेवा, पुढे तुलनेला लागेल.

## ६. जमिनीवर शेजारी शोधा

आता दोन तासिका गाड्या कपाटात. यंत्र कसं शिकतं हे हातानं करून बघितल्याशिवाय दुसऱ्या गाडीकडे जाऊ नका. घाई करायची असेल तर दुसरी कुठलीही पायरी गाळा, ही गाळू नका.

वर्गाच्या फरशीवर खडूनं मोठा आलेख काढा. आडवा अक्ष डाव्या सेन्सरचा, उभा अक्ष उजव्या सेन्सरचा, दोन्ही ० ते २५५. मुलांनी वहीत लिहिलेली वाचनं घ्या, तिथे गाडीनं कुठे जायला हवं ते लेबल प्रत्येकाला द्या आणि त्या त्या जागी ठेवा: ‘डावीकडे’ असेल तर चिंचोका, ‘उजवीकडे’ असेल तर खडा, ‘सरळ’ असेल तर शर्टाचं बटण. वीसेक नमुन्यांनंतर फरशीवर तीन घोळके दिसू लागतात. मग एक नवं वाचन द्या, लेबल न सांगता. एक मूल त्या बिंदूवर उभं राहतं आणि सर्वांत जवळचा शेजारी शोधतं. शेजारी चिंचोका असेल तर उत्तर ‘डावीकडे’. दुसरी गाडी नेमकं एवढंच करणार आहे.

आता तिन्ही आकड्यांसह फळ्यावर एक उदाहरण सोडवा. साठवलेले तीन नमुने:

- (३५, १९०, ४०): सरळ
- (१८०, ७०, ३२): डावीकडे
- (३३, ७५, १८५): उजवीकडे

नवं वाचन (१२०, १४०, ३५). प्रत्येक जागेच्या आकड्यांतला फरक काढा, चिन्ह सोडून द्या, बेरीज करा.

सरळशी: ८५ + ५० + ५ = १४०.
डावीकडेशी: ६० + ७० + ३ = १३३.
उजवीकडेशी: ८७ + ६५ + १५० = ३०२.

सर्वांत लहान १३३, म्हणून गाडी डावीकडे वळेल. इथे थांबा आणि मुलांना विचारा: १४० आणि १३३ मध्ये फक्त ७ चा फरक आहे, मग गाडीला खात्री आहे का? एआयचं उत्तर आलं की ते किती काठावरचं होतं हे विचारायचं, ही सवय या एका बेरजेतून लागते.

यंत्राला शिकायला संगणकच लागतो असंही नाही. १९६१ साली ब्रिटिश संशोधक डोनाल्ड मिची यांनी ३०४ काडेपेट्या आणि रंगीत मणी वापरून फुली-गोळा खेळायला शिकणारं ‘यंत्र’ उभं केलं होतं. जिंकलं की पेटीत मणी वाढवायचे, हरलं की काढायचे. हे सांगितलं की मुलांच्या डोक्यातलं एआयचं गूढ बरंच उतरतं.

## ७. दुसरी गाडी: नमुने भरा

प्रोग्रामला तीन अवस्था हव्यात: नमुने भरणं, फक्त उत्तर छापणं (मोटर बंद), आणि धावणं. अवस्था-बटणानं एकातून दुसरीत जायचं.

भरण्याच्या अवस्थेत गाडी हातानं पटावर ठेवायची आणि ‘मी चालक असतो तर आता काय केलं असतं’ ते बटण दाबायचं. त्या क्षणाची तीन वाचनं आणि लेबल साठतं. एका नमुन्याला चार बाइट. ऊनोची चालू स्मृती फक्त २ किलोबाइट आहे, तरी ९० नमुन्यांना ३६० बाइटच लागतात. स्विच बंद केल्यावर नमुने पुसले जाऊ नयेत म्हणून ते ईईप्रॉममध्ये ठेवा. तिथे १ किलोबाइट जागा असते. ४ ने भागायचं ते यासाठी: आकडा २५५ च्या आत राहिला की एका बाइटमध्ये मावतो.

प्रोग्राममध्ये चार ठिकाणी सगळ्यांचंच घोडं अडतं.

नव्या चिपच्या ईईप्रॉममध्ये प्रत्येक खान्यात २५५ असतं. पहिल्या खान्यात नमुन्यांची संख्या ठेवली असेल तर गाडी पहिल्याच दिवशी ‘माझ्याकडे २५५ नमुने आहेत’ असं मानते आणि कचऱ्यावरून निर्णय घेते. सुरुवातीलाच तपासा: संख्या २०० पेक्षा मोठी असेल तर शून्य करा.

अंतर काढताना फरकाचा वर्ग करायचा मोह होतो, पुस्तकांत तसंच सूत्र असतं. ऊनोवरचा साधा ‘इंट’ (पूर्णांक साठवण्याचा प्रकार) ३२,७६७ पर्यंतच जातो. २०० चा वर्ग ४०,००० म्हणजे त्याच्या पलीकडे. अंतर उणे होतं आणि सर्वांत लांबचा नमुना सर्वांत जवळचा ठरतो. म्हणून नुसत्या फरकांची बेरीज करा.

बटण एकदा दाबलं तरी आठ-दहा नमुने साठतात, कारण ऊनो सेकंदाला हजारो वेळा बघतो. नोंद झाल्यावर बोट उचलेपर्यंत थांबा आणि मग ३०० मिलिसेकंद आणखी थांबा.

नमुने भरताना गाडी यूएसबीवर आणि धावताना बॅटरीवर, असं करू नका. व्होल्टेज बदललं की सेन्सरच्या दिव्याचा उजेड बदलतो आणि सगळी वाचनं सरकतात. ज्या बॅटरीवर धावायचं तिच्यावरच शिकवा.

प्रत्येक लेबलचे ३० नमुने घ्या, एकूण ९०. सगळ्या वळणांवर आणि सरळ भागांवर घ्या, गाडी थोडी तिरपी ठेवूनही. आता या कृतीतला सर्वांत मोलाचा मुद्दा: मुलं नमुने देताना गाडी नेहमी रेषेच्या मधोमध ठेवतात, कारण त्यांना ‘चांगलं’ उदाहरण द्यायचं असतं. अशी गाडी जरा घसरली की हरवते. घसरल्यावर परत कसं यायचं हे तिला कुणी दाखवलेलंच नसतं. १९९० च्या सुमारास अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डीन पॉमरलो यांनी माणसाचं चालवणं बघून रस्त्यावर गाडी चालवायला शिकणारी ‘ॲल्विन’ ही प्रणाली केली, तिलाही हाच प्रश्न आला. चांगला चालक कधी कडेला जातच नाही, म्हणून यंत्राला कडेवरून परतणं दिसत नाही. त्यांनी कॅमेऱ्याची चित्रं मुद्दाम सरकवून आणि वळवून ‘कडेला गेलेल्या’ गाडीचे नमुने तयार केले. तुमच्या वर्गात तेच हातानं करा: ९० पैकी निदान ३० नमुने गाडी मुद्दाम रेषेच्या कडेला ढकलून घ्या.

## ८. परीक्षा घ्या, पण वेगळ्या प्रश्नांची

ज्या नमुन्यांवर शिकवलं त्यांवरच तपासलं तर गाडी शंभर टक्के गुण मिळवेल. प्रत्येक नमुन्याचा सर्वांत जवळचा शेजारी तो स्वतःच. पाठ केलेल्या गाइडातलेच प्रश्न पेपरात आल्यासारखं ते आहे, आणि मुलांना हे लगेच पटतं.

प्रत्येक लेबलचे ५ असे १५ नवे नमुने घ्या, ते साठवू नका. ‘फक्त उत्तर छापणं’ या अवस्थेत गाडीचं उत्तर बघा आणि वहीत तीन बाय तीनचा तक्ता भरा: खरं उत्तर आडव्या ओळींत, गाडीचं उत्तर उभ्या रकान्यांत. नुसती ‘१५ पैकी १२ बरोबर’ अशी नोंद पुरेशी नाही. तीनही चुका ‘उजवीकडे’च्या जागी ‘सरळ’ अशा असतील तर उजवीकडचे नमुने कमी किंवा एकसारखे आहेत, आणि ते सुधारता येतं.

मग एकाऐवजी तीन किंवा पाच शेजाऱ्यांचं बहुमत घेऊन बघा. एखादं चुकीचं लेबल यात पचून जातं. मात्र एखाद्या बाजूचे दोनच नमुने असतील तर पाचांच्या मतदानात तिला जास्तीत जास्त दोनच मतं मिळणार. थोडक्या नमुन्यांचा आवाज कसा दबतो हे इथे आकड्यांत दिसतं.

## ९. मुद्दाम बिघडवा

या तासिकेला मुलं सर्वांत जास्त शिकतात. प्रत्येक गटाला चिठ्ठीतून एक बिघाड द्या, दुसऱ्या गटानं तो शोधायचा: पहिले तीन नुसती साठवलेली यादी सीरियल मॉनिटरवर छापून, शेवटचे दोन गाडी चालताना बघून.

- पाच नमुन्यांना उलटं लेबल.
- ‘सरळ’चे ४० आणि ‘डावीकडे’चे ३.
- सगळे नमुने एकाच वळणावर घेतलेले.
- फ्लेक्सवर शिकवलेली गाडी थेट वर्गाच्या शहाबादी फरशीवर.
- पडदे ओढून शिकवलेली गाडी उन्हाच्या कवडशात.

शेवटच्या दोनमध्ये नियमाची गाडीही चालवून बघा. तीही चुकते, पण वेगळ्या तऱ्हेनं. तिला सुधारायला ११५ चा आकडा बदलावा लागतो, शिकलेल्या गाडीला फरशीवरचे वीस-तीस नवे नमुने द्यावे लागतात. पाचव्या पायरीतला कागद काढून दोन्ही गाड्यांच्या सुटलेल्या रेषा समोरासमोर मांडा. पुष्कळदा नियमाचीच गाडी जिंकते, आणि ते लपवू नका. रेषेचा नियम माणसाला दोन ओळींत सांगता येतो, तिथे शिकवण्याची गरजच नसते. कोथिंबीर आणि तिच्यासारखीच दिसणारी पार्सली यांच्या पानांतला फरक तसा सांगायला बसा, मग शिकणारं यंत्र कुठे हवं ते ध्यानात येतं.

## १०. तीनही सेन्सर पांढरे

हुशार गट इथवर पोचला की त्यांची गाडी एका जागी हमखास अडते. रेष पूर्ण सुटली, वाचन (३२, ३४, ३१). रेष डावीकडे राहिली की उजवीकडे? दोन्ही वेळा आकडे तेच येतात, आणि बरोबर उत्तरं दोन. मुलं म्हणतात, आणखी नमुने देऊ. देऊ द्या. शंभर दिले तरी जमणार नाही, कारण उत्तर या तीन आकड्यांत नाहीच.

लागते ती आठवण. गाडीनं चौथा आकडा स्वतः सांभाळायचा: रेष शेवटची कुठल्या बाजूला दिसली. डाव्याचं वाचन उजव्यापेक्षा ५० नं मोठं झालं की डावी बाजू, उलट झालं की उजवी, नाहीतर जुनंच राहू द्या. नमुना भरताना गाडी रेषेवरून हातानं घसरवत बाहेर न्या आणि मग बटण दाबा, म्हणजे ही आठवण नमुन्यात येते. बाजूला ०, १, २ असे आकडे दिलेत तर काहीच फरक पडणार नाही: सेन्सरचे फरक शंभरात आणि बाजूचा फरक एकाचा, तो बेरजेत दिसणारही नाही. डावीला ०, मध्याला १००, उजवीला २०० द्या. जुने नमुने पुसून नव्यानं भरावे लागतील, कारण आता एका नमुन्याला पाच बाइट.

## ११. कॅमेऱ्याकडे जायचं असेल तर

इंटरनेट आणि वेबकॅम असेल तर एक तासिका गुगलच्या टीचेबल मशीनवर घालवा. ब्राउझरमध्ये चालतं, खातं लागत नाही. ‘थांब’, ‘चल’ आणि ‘काहीच नाही’ असे तीन वर्ग करा. तिसरा विसरला तर रिकाम्या भिंतीलाही ते ‘थांब’ किंवा ‘चल’ म्हणणारच. एका मुलानं ‘थांब’ आणि दुसऱ्यानं ‘चल’ दाखवलं तर यंत्र हात सोडून गणवेश किंवा मागची भिंत शिकतं. हातांची अदलाबदल करून तपासा. मुलांचे चेहरे चौकटीत येऊ देऊ नका, मनगटापर्यंतचा हात पुरे.

## १२. गुण कशाला द्यायचे

गाडी किती जोरात धावली याला गुण देऊ नका. ते मोटरच्या नशिबावर असतं. प्रत्येक गटाकडून गाडीवर चिकटवायची एक पाटी लिहून घ्या: किती नमुने, कुणी भरले, कुठल्या पटावर, किती वाजता, बॅटरी किती व्होल्टवर होती, परीक्षेत कुठे चुकली, आणि ही गाडी कुठे चालवू नये. शेवटच्या ओळीला सर्वांत जास्त गुण ठेवा. मग पाट्यांसकट गाड्यांची अदलाबदल करा आणि दुसऱ्या गटाला ती शेवटची ओळ खरी आहे का ते पटावर तपासू द्या. दप्तरं भरण्याआधी सगळे सेल होल्डरमधून काढून मोजून घ्या.